'रूमवर पडलो' असं सांगू नका

अपॉइंटमेंट मिळाली की आपण दोनच गोष्टी बघतो. सुट्टी कशी मागायची आणि दिनार किती जाणार. फिंतासच्या पॉलीक्लिनिकमधून चिठ्ठी घेऊन अदान हॉस्पिटलच्या ओपीडीला जायचं, तर 2017 पासून परदेशी माणसाला 10 दिनार झाले, डिसेंबर 2022 पासून औषधांचे आणखी 10. म्हणून आपण दुखणं अंगावर काढतो. ते समजतं मला. पण एवढे मोजून डॉक्टरसमोर खोटं सांगायचं, हे पटत नाही.

तसं मीही सांगायला लावलंय. काही वर्षांपूर्वी आमचा एक शटरिंगचा सुतार स्कॅफोल्डिंगवरून पडला. वरून फोन आला आणि मी त्याला म्हणालो, "दादा, रूमवर बाथरूममध्ये घसरलो म्हण, भानगड नको." त्याने तसंच सांगितलं, कागदावर तेच आलं. पुढे खांदा उचलेना, तेव्हा कंपनीने तोच कागद पुढे केला. औषधपाणी त्याच्या खिशातून झालं. तो आता गावी असतो. त्याला फोन करायचा मला धीर होत नाही.

कुवेतच्या 2010 च्या 6 नंबरच्या कामगार कायद्यात कामावरच्या दुखापतीचा खर्च मालकावर आहे, औषधं आणि येण्याजाण्यासकट. उपचार चालू असताना सहा महिन्यांपर्यंत पूर्ण पगार आहे. नुसतं आजारपण असेल तरी वर्षाला 15 दिवस पूर्ण पगारी रजा मिळते, फक्त डॉक्टरचं सर्टिफिकेट पाहिजे.

म्हणून आदल्या रात्री एका कागदावर लिहा: कुठल्या तारखेला, किती वाजता, कुठल्या मजल्यावर, काय करताना लागलं. इंग्रजी येणाऱ्या रूममेटकडून लिहून घ्या. आत गेल्यावर गडबडीत तारीख आठवत नाही. दुभाषा म्हणून कंपनीचा माणूस नको, तो कंपनीचंच बोलणार. बताका, चिठ्ठी, जुने एक्स-रे आणि चालू गोळ्यांची पाकिटं घ्या, गावाहून आणलेली आयुर्वेदिक पुडीसुद्धा. शुगर असेल तर लपवू नका. अकाम्याची भीती असते, माहीत आहे, पण न सांगता चुकीची गोळी लागली तर? मिळालेल्या प्रत्येक कागदाचा फोटो काढून घरी पाठवा.

आणि फोरमन, सुपरवायझर वाचत असाल, तर त्या दिवशी माणसाची गैरहजेरी लावू नका. ओपीडीचा कागद टाइमशीटला जोडा. मी आता तसंच करतो, वरून फोन आला तरी.