पाण्याची पाळी

आखाती देशातल्या शिक्षिकेची सुटी म्हणजे नुसती मौज, असं गावाकडच्या बऱ्याच जणांना वाटतं. मौज असते, नाही म्हणत नाही. पण गेल्या वर्षीच्या दोन सुट्या माझ्यासाठी एकाच प्रश्नात गुंतल्या होत्या. तो प्रश्न होता पाण्याचा, आणि थोडा पैशाचाही.

मस्कतमधल्या भारतीय शाळेत मी समाजशास्त्र शिकवते. फजरनंतर लगेच डबे भरायचे, उजाडता उजाडता शाळेची बस पकडायची, दुपारी घरी येऊन वह्यांचा गठ्ठा तपासायचा. शुक्रवार-शनिवार सुटी. ओमानचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. त्यामुळे शुक्रवारी मी न्याहारीला बसते तेव्हा शेंदूरजनाघाटला अब्बा जुम्याच्या तयारीला लागलेले असतात. इथल्या बाजारात इजिप्तची आणि दक्षिण आफ्रिकेची संत्री मिळतात. रंगाने सुरेख, पण सोलताना आमच्या संत्र्याचा तो वास हाताला लागत नाही.

गेल्या डिसेंबरात धाकट्या भावाचा फोन आला. “आपा, तिसरा बोअर मारावा लागेल. आंबिया बहार उन्हाळ्यात जगवायचा तर दुसरा इलाज नाही. पैसे पाठवाल का?” आधीचे दोन बोअर आटलेले. सातपुड्याच्या पायथ्याचं आमचं गाव संत्र्याच्या कलमांसाठी प्रसिद्ध. जंभेरीच्या खुंटावर डोळा भरून तयार केलेली आमच्याकडची कलमं दूरदूर जातात. पण त्याच वरुड-मोर्शी पट्ट्यात जमिनीतलं पाणी इतकं उपसलं गेलं आहे की दर काही वर्षांनी बोअर आणखी खोल न्यावा लागतो. मी त्याला म्हटलं, “विचार करून सांगते.”

हिवाळ्याची सुटी जेमतेम दहा दिवसांची. तेवढ्यात गावी जाणं परवडत नाही, म्हणून आम्ही गाडी काढून निझवाला गेलो. मस्कतपासून दीड-दोन तासांचा रस्ता. मुलांना किल्ला पाहायचा होता, यांना शुक्रवारचा बकऱ्यांचा बाजार. मला मात्र फलज दारिस पाहायचा होता, कारण वर्गात मी त्याच्याबद्दल शिकवते.

फलज म्हणजे डोंगरातलं किंवा जमिनीखालचं पाणी केवळ उताराच्या जोरावर गावापर्यंत आणणारा पाट. ना पंप, ना वीज. ओमानमध्ये असे सुमारे तीन हजार फलज आजही चालू आहेत. त्यांतल्या पाचांना २००६ साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांत दारिसही आहे. गावात शिरताना पाणी आधी पिण्यासाठी, मग मशिदीकडे वजूसाठी, आणि त्यानंतर खजुराच्या बागांना. बागांचे वाटे वेळेवर मोजतात. दिवसा सावलीच्या घड्याळावर, रात्री पूर्वी ताऱ्यांवरून. एक वाटा साधारण अर्ध्या तासाचा, त्याला ‘असर’ म्हणतात. वाटणी सांभाळायला माणूस नेमलेला असतो. पाऊस कमी झाला की प्रवाह बारीक होतो आणि सगळ्यांचंच पाणी सारखं कमी होतं. खोल खणून दुसऱ्याच्या आधी पाणी ओढण्याची सोयच त्यात नाही.

पाटात पाय सोडून बसले आणि भावाचा बोअर आठवला. आम्ही आठशे फुटांवर गेलो तर शेजारी नऊशेवर जाणार. मग आम्ही हजारावर. या शर्यतीला माझा पगार पुरणार नव्हता, आणि पाणीही.

जूनच्या सुरुवातीला शाळा सुटली. मुंबई, मग रेल्वेने अमरावती, पुढे मोर्शी-वरुड करत घरी पोचले. मी पैसे आणले होते, पण बोअरसाठी देणार नाही म्हटल्यावर भाऊ गप्पच झाला. दोन दिवस नीट बोलला नाही. त्याचंही चूक नव्हतं. वाळणारी झाडं त्याच्या डोळ्यांसमोर होती, माझ्या नव्हती.

तिसऱ्या दिवशी अब्बांनी बांधावरच्या शेजारच्या काकांना चहाला बोलावलं. दोन शेतांच्या मध्ये सामायिक विहीर आहे. बोअर आल्यापासून तिच्याकडे कोणी पाहिलं नव्हतं, अर्धी गाळाने भरलेली. अब्बांनी हजरत उस्मान (रजि.) यांच्या रूमाच्या विहिरीची गोष्ट काढली. मालक पाणी विकत असे. हजरत उस्मान यांनी आधी अर्धी विहीर घेतली, एक दिवस त्याचा, एक दिवस यांचा. आपल्या दिवशी त्यांनी पाणी सर्वांना मोफत दिलं. पुढे उरलेली विहीरही घेऊन लोकांसाठी वक्फ केली.

काका ऐकत होते. म्हणाले, “मोटीच्या काळी आपलं हेच तं होतं, बाप्पा. एक दिवस तुमचा, एक दिवस आमचा. मोटर आली अन् पाळी गेली.”

मी निझवाहून जे शिकून आले, ते आमच्याच बांधावर कधीकाळी होतं! मला माझंच हसू आलं.

मग दोन्ही घरांनी मिळून विहिरीचा गाळ काढला. शेतातलं वाहून जाणारं पावसाचं पाणी दगड, खडी आणि वाळूच्या खड्ड्यातून गाळून विहिरीत सोडायची सोय केली. उरलेल्या पैशांत जुनं ठिबक दुरुस्त झालं. पाळीची वही केली, ती काकांकडे असते. भाऊ सुरुवातीला नुसता कामात हात लावत होता. पहिल्या मोठ्या पावसात खड्ड्यातून नितळ पाणी विहिरीत पडलं, तेव्हा तोच मला हाक मारायला आला, “आपा, बघायला या!”

जुलैअखेर मी मस्कतला परतले. भाऊ दर शुक्रवारी विहिरीचं पाणी किती हातांवर आहे ते कळवतो. खरी परीक्षा एप्रिल-मेमध्ये आहे. एका विहिरीने आमच्या पट्ट्याचं दुखणं बरं होणार नाही, हेही कळतं. बोअरचा विषय भावाने सोडलेला नाही, पुढे ढकलला आहे. पण आता ठरवायचं तर दोन्ही घरं बसून ठरवतील.

दूरदेशी कमावणाऱ्या माझ्या भावाबहिणींना एवढंच सांगते. घरून मागणी आली की आपण पैसे पाठवतो आणि जबाबदारी संपली असं समजतो. एखाद्या सुटीत पैशांसोबत आपणही जाऊन बसावं, वडीलधाऱ्यांचं आणि शेजाऱ्यांचं ऐकावं. अल्लाहने दिलेल्या पाण्यात शेजाऱ्याचाही वाटा आहे, हे बोअर मारण्याआधी आठवलं तर बरं.