सफाई नव्हे, सारवासारव

‘बंदूक साफ करताना चुकून गोळी सुटली.’ आपल्या वर्तमानपत्रांत हे वाक्य इतक्या वेळा छापून आलं आहे की त्यावर आता कुणाची नजर थांबत नाही. माझं म्हणणं असं की हे वाक्य जवळजवळ नेहमीच खोटं असतं. बंदूक साफ करण्याची पहिली पायरी म्हणजे ती रिकामी करणं, आणि रिकाम्या बंदुकीतून गोळी सुटत नाही. म्हणजे जिच्यातून गोळी सुटली, ती बंदूक त्या क्षणी साफ होत नव्हती. तिच्याबरोबर दुसरंच काहीतरी चाललं होतं. भरलेल्या बंदुकीवर फडकं फिरवण्याला सफाई म्हणायचं असेल, तर चालत्या ट्रकखाली शिरण्यालाही दुरुस्ती म्हणावं लागेल.

हा माझ्यासाठी नुसता शब्दांचा कीस नाही. सिंधुदुर्गातल्या आमच्या घरात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची एक ठासणीची बंदूक आहे. वानर-डुकरं बागेत शिरली की बार काढायचा, एवढंच तिचं काम. आणि ती वर्षानुवर्षं घरातल्याच सामानाने साफ होत आली आहे. म्हणून वरचं वाक्य वाचलं की मला राग येतो. एका साध्या, शहाण्या, कंटाळवाण्या कामाच्या नावावर भलत्याच गोष्टी खपवल्या जातात.

कोणत्या गोष्टी? २ जुलै १९६१ रोजी अमेरिकेतल्या केचम गावी अर्नेस्ट हेमिंग्वे स्वतःच्या घरात बंदुकीच्या गोळीने गेला. बंदूक साफ करताना अपघात झाला, असं त्याच्या पत्नीने, मेरीने, तेव्हा सांगितलं. ती आत्महत्या होती हे पुढे काही वर्षांनी तिनेच मान्य केलं. त्या सकाळी तिने जे सांगितलं त्याचा दोष मी तिला देणार नाही. पण एवढ्या मोठ्या शिकाऱ्याच्या बाबतीतही जगाने ते वाक्य ऐकून घेतलं, हे त्या वाक्याचं बळ आहे. आपल्याकडेही हेच. १ ऑक्टोबर २०२४ला अभिनेता गोविंदा याच्या पायाला त्याच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी लागली. रिव्हॉल्व्हर ठेवताना हातातून निसटलं, असं त्याच्या बाजूने सांगण्यात आलं. तरी त्या दिवशीच्या कितीतरी बातम्यांत ‘साफ करताना’ हे शब्द होतेच. कुणी मुद्दाम खोटं लिहिलं असेल असं नाही, पण गोळी आणि घर एका वाक्यात आले की लेखणीतून ‘साफ करताना’ आपोआप उतरतं.

मराठीत याला नेमका शब्द आहे: सारवासारव. जमीन सारवली की खालचे खड्डे दिसत नाहीत. नैराश्य, नशा, भांडण, पोराच्या हाती लागलेलं पिस्तूल, पाहुण्यांपुढची मर्दुमकी, सगळं या एका वाक्याखाली सारवलं जातं. त्यात तोटा असा की खरं कारण कुणी शोधत नाही, आणि पुढचा माणूस त्याच खड्ड्यात पडतो.

आता खरी सफाई काय असते ते सांगतो, म्हणजे फरक कळेल. काडतुसाची बंदूक असेल तर नळी रोखून धरण्याची दिशा आधी ठरवायची, मॅगझिन असेल तर ते काढायचं, मग काडतुसाची जागा उघडून डोळ्यांनी बघायची आणि बोटानेही चाचपायची. काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवायची. रिव्हॉल्व्हरची सगळी घरं एकेक करून तपासायची. ठासणीच्या बंदुकीत मात्र गोम आहे. तिला मागून उघडता येत नाही, त्यामुळे ती भरलेली आहे की रिकामी हे बघून कळत नाही. केप काढली म्हणजे बंदूक रिकामी झाली असंही नाही, दारू आत तशीच असते. त्यासाठी जुन्या माणसांनी सोपी युक्ती काढली. रिकाम्या नळीत गज पूर्ण आत घालायचा आणि तोंडाशी गजावर खूण करायची. पुढे कधीही गज घातला आणि खूण बाहेर राहिली, की आत काहीतरी आहे. मग सफाई तिथेच थांबवायची, केप लावायची नाही, आणि बंदूक जाणकार परवानाधारक कारागिराकडे न्यायची. या युक्तीला एक पैसाही लागत नाही.

इथे दुसरा आक्षेप येतो, तो शहरातल्या हौशी मंडळींचा. साबण-पाण्याने बंदूक धुणं म्हणजे अडाणीपणा, त्यासाठी परदेशी बाटल्या आणि ब्रशांची पेटी हवी, असं त्यांचं म्हणणं. ठासणीच्या बंदुकीपुरतं तरी हे चूक आहे. काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक. ती जळल्यावर तिच्या वजनाचा अर्ध्याहून अधिक भाग घन रूपात मागे उरतो, आणि त्यात मुख्यतः पोटॅशियमचे क्षार असतात. हे क्षार हवेतला ओलावा ओढतात, आणि आमच्या हवेत ओलाव्याला तोटा नाही. रात्री बार काढून बंदूक तशीच ठेवली तर सकाळी नळी गंजायला लागलेली असते. हे क्षार तेलात विरघळत नाहीत, पाण्यात विरघळतात. म्हणून कढत पाणी आणि थोडा साबण, हाच त्यावरचा शास्त्रशुद्ध उपाय. पाणी कढत असलं की लोखंडही तापतं आणि लवकर कोरडं होतं. मग जुन्या सुती धोतराच्या चिंध्या गजाला लावून फिरवायच्या, शेवटची चिंधी कोरडी आणि स्वच्छ निघेपर्यंत. त्यावर शिलाई मशीनच्या तेलाचा हात. झालं. .३०३च्या काडतुसांच्या टोप्यांतूनही असेच क्षार नळीत उरत, म्हणून ली-एन्फील्ड वापरणारे ब्रिटिश सैनिक नळीत नरसाळ्याने उकळतं पाणी ओतत. साम्राज्याच्या फौजेला जे चाललं ते आमच्या मागच्या पडवीत चालायला हरकत नसावी.

पण घरातलं म्हणून सगळंच चालतं, असं म्हणणाऱ्यांशीही माझं भांडण आहे. आधुनिक धूरविरहित दारूच्या काजळीला साबण-पाणी पुरत नाही. तिथे रॉकेलसारखा तेलकट द्रव लागतो, आणि तो खिडक्या उघड्या ठेवून, शेगडीपासून लांब वापरावा लागतो. पेट्रोलला हातही लावू नये. चिंच, लिंबू, पितांबरी ही देवाच्या भांड्यांसाठी. नळीवरचा निळसर-काळा थर हाच लोखंडाचं रक्षण करतो, आणि आंबट पदार्थ तोच खाऊन टाकतात. बंदूक चकचकीत दिसते आणि पंधरा दिवसांत तांबडी होते. खोबरेल तेल थंडीत थिजतं, आणि कुठलंही खाद्यतेल जुनं झालं की चिकट होऊन चापाच्या कळा जाम करतं. जवसाचं तेल लाकडी दस्त्याला उत्तम, पण ते वाळून कडक होतं म्हणूनच यंत्राला वाईट. डब्ल्यूडी-४० पाणी हटवायला बरं, पण तेवढ्यावर पावसाळा काढता येत नाही. आणि हे सगळं ओट्यावर किंवा जेवणाच्या टेबलावर करू नये. काजळीत शिसं असतं. चिंध्या वेगळ्या, भांडं वेगळं, हात साबणाने धुवायचे, पोरं लांब.

तिसरं भांडण भक्तांशी. खंडेनवमीला किंवा दसऱ्याला बंदुकीला हळदकुंकू लावायचं, वर ओली झेंडूची फुलं ठेवायची, फोटो काढायचा आणि फुलं सुकेपर्यंत ती तशीच ठेवायची. ओलं कुंकू आणि पोलाद यांचं वैर आहे. शस्त्रपूजनाला माझा विरोध नाही. पण त्या प्रथेतला शहाणपणाचा भाग असा की पावसाळा संपताना हत्यार बाहेर काढावं, पुसावं, तेलपाणी करावं. आपण तो भाग टाकला आणि फोटो तेवढा ठेवला. वर्षातून एकदा पूजा आणि एकदाही सफाई नाही, अशी कितीतरी परवानाधारक घरं मी पाहिली आहेत. त्या घरांत बंदूक हे अवजार नसतं, इभ्रत असते. आणि इभ्रत रिकामी करून ठेवायला माणूस राजी नसतो.

सरकारही यातून सुटत नाही. निवडणूक आली की आमच्यासारख्यांची बंदूक पोलीस ठाण्यात जमा होते. २०२४मध्ये तर लोकसभा आणि विधानसभा एकाच वर्षात आल्या. एका ठाण्यातून आमची बंदूक परत आली तेव्हा तिच्या नळीवर गंज धरला होता. पावतीवर क्रमांक बरोबर होता, बाकी कशाची नोंद नव्हती. शस्त्र नियम, २०१६मध्ये परवान्यासाठी सुरक्षा-प्रशिक्षणाची तरतूद आहे. पण नूतनीकरणाच्या वेळी माझ्यापुढे कागद सरकवले गेले. ‘ही बंदूक रिकामी आहे हे मला करून दाखवा’ असं एकाही साहेबाने कधी म्हटलं नाही. पाच मिनिटांचं काम आहे. ज्याला ते जमणार नाही त्याचा परवाना थांबवावा, मग तो कितीही मोठा बागायतदार असो.

आणि बातमीदारांना एक विनंती. पुढच्या वेळी कुणी ‘साफ करताना’ म्हणालं की तीन प्रश्न विचारा: चिंध्या कुठे होत्या? तेल कोणतं होतं? काडतुसं कुठल्या खोलीत होती? उत्तरं नसतील तर ‘भरलेली बंदूक हातात असताना गोळी सुटली’ एवढंच लिहा. वाक्य थोडं लांबेल. पण ती बंदूक भरलेली का होती, हा प्रश्न निदान वाचणाऱ्याला पडेल.