गोल हाय ना? मंग चालते!

मंडळी, आज विकांत आहे, बाहेर ऊन रणरणतंय, आणि मला भांडायचंय. ज्यांना शनिवारी सकाळी भांडण नको असेल त्यांनी चहा घेऊन गॅलरीत बसावं. बाकीच्यांनी पुढे वाचा.

भांडण दोन प्रकारच्या लोकांशी आहे. पहिला प्रकार आमच्या वर्धेचा. "भाऊ, टायर गोल हाय ना? मंग चालते!" असं म्हणणारा. दुसरा प्रकार माझ्या मिहानमधल्या ऑफिसचा. "स्पोर्टी गाडी घेतलीस ना, मग टायरवर पैसे वाचवतोस? शेम ऑन यू!" असं कॅन्टीनमध्ये सगळ्यांदेखत म्हणणारा. दोघं एकमेकांचे कट्टर विरोधक आहेत असं त्यांना वाटतं. माझं म्हणणं असं की दोघं सख्खे भाऊ आहेत. कसे, ते सांगतो.

आधी माझी पार्श्वभूमी. माझ्याकडे आय-२० एन लाईन आहे. १ लिटरचं टर्बो इंजिन, १२० पीएस, मागे दोन नळ्यांचा सायलेन्सर. ही काही फेरारी नाही हे मलाही कळतं, पण गिअर टाकला की ती जी उसळी मारते त्यासाठी मी हप्ता भरतो :) आठवड्यातून चार दिवस वर्धा ते मिहान आणि परत. कधी येळाकेळीला समृद्धीवर चढून, कधी टोल वाचवायला जुन्या रस्त्याने, म्हणजे पवनार, सेलू, केळझर, बुटीबोरी असं. महिन्याला दोन हजार किलोमीटर कुठेच गेले नाहीत. थोडक्यात, दिसायला स्पोर्टी आणि कामाला बैल, अशी माझी गाडी आहे.

तर गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या मार्चमध्ये, कंपनीकडून आलेले टायर संपले. मी बाजारात गेलो. दुकान कुठलं ते सांगत नाही, कारण चूक दुकानाइतकीच माझी होती. दुकानदार म्हणाला, "साहेब, एक सेट हाय, नवाकोरा. सतरा हजारात चारही देतो." बाकीकडे अठ्ठावीस हजाराचा आकडा ऐकून आलेलो. साईज बरोबर, १९५/५५ आर १६. नक्षी खोल, रबर काळंभोर, चकाचक. इंजिनिअरिंगची डिग्री असलेला, फोन घेताना तीन दिवस प्रोसेसरची तुलना करणारा हा इसम पाच मिनिटांत "बसवून टाका" म्हणाला!

पुढे जुलै. संध्याकाळचे सात, जुना रस्ता, केळझरच्या अलीकडे. पाऊस नुकताच थांबलेला, आणि शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरच्या चाकांची काळी माती रस्त्यावर. पुढे ट्रॉली. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. ट्रॉलीच्या कडेला पाय सोडून दोन बायका बसलेल्या, निंदणाहून घरी चाललेल्या. मी ब्रेक दाबला. एबीएस पायाखाली थडथडलं, आणि गाडी... गाडी थांबेचना. घसरत राहिली. स्टिअरिंग फिरवलं तरी नाक वळेना. शेवटी थांबली तेव्हा माझं बॉनेट आणि त्या मावशींचे पाय यांत हातभर अंतर होतं. त्यातली एक माझ्याकडे नुसती बघत राहिली. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

घरी येऊन मोबाईलचा टॉर्च लावून टायर बघितले. आयुष्यात पहिल्यांदा. बाजूच्या भिंतीवर लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन म्हणजे वर्षातला कितवा आठवडा, पुढचे दोन म्हणजे साल. माझ्या 'नव्याकोऱ्या' टायरवर लिहिलं होतं १८२०. म्हणजे २०२० चा अठरावा आठवडा. हे टायर पाच वर्षं कुठल्यातरी गोदामात पडून होते, आणि विदर्भातलं पत्र्याचं गोदाम मे महिन्यात काय असतं हे वेगळं सांगायला नको. रबर उष्णतेने आणि हवेने कडक होत जातं. नक्षी नवी दिसते, पकड म्हातारी झालेली असते. वरचा काळा चकचकीतपणा पॉलिशचा होता. शिवाय वेगाचं अक्षर 'टी', म्हणजे १९० ची मर्यादा. गाडीच्या दारावरच्या स्टिकरवर मागितलेलं अक्षर त्याहून वरचं.

(आता तुम्ही म्हणाल, "१२० च्या वर समृद्धीवर परवानगीच नाही, मग १९० काय आणि २४० काय?" बरोबर प्रश्न. पण ते अक्षर केवळ पळण्याचं नाही. वेगाने येणारी उष्णता टायर किती सोसतो, याचीही ती परीक्षा आहे. आणि ४५ अंशांच्या दुपारी तापलेल्या काँक्रीटवर सलग तासभर १२० ने जाणं हा उष्णतेचाच पेपर आहे. दारावर लिहिलंय त्याच्या खाली उतरू नका, बस्स.)

आता थोडं गणित. बारावीचं आहे, घाबरू नका. ताशी १०० चा वेग, ओला रस्ता. चांगल्या टायरचा घर्षण गुणांक ०.७ धरा, कडक झालेल्या किंवा घासलेल्याचा ०.५. ब्रेक लागल्यापासून पहिली गाडी सुमारे ५६ मीटरमध्ये थांबते, दुसरीला ७९ लागतात. फरक २३ मीटर, म्हणजे माझ्यासारख्या पावणेसहा गाड्या एकामागे एक. पण खरी भीती पुढे आहे. जिथे पहिली गाडी पूर्ण थांबलेली असते, तिथे दुसरी अजून ताशी ५३ ने चाललेली असते! त्या ५३ ने ट्रॉलीला धडकून बघा. किंवा नको. इंजिन १२० पीएसचं असो की ८० चं, ब्रेक, एबीएस, एअरबॅग कितीही असोत, गाडी जमिनीला टेकते ती तळहाताएवढ्या चार ठिकाणी. एबीएस असलेली पकड नीट वापरतं, नसलेली निर्माण करत नाही.

"बघ, मी म्हणालो नव्हतो? महागडे टायरच घ्यायला हवेत!" हा झाला माझा ऑफिसमधला मित्र. थांब बाबा, आता तुझी पाळी.

तुझ्या त्या मऊ रबराच्या, ट्रॅकवर चिकटून चालणाऱ्या टायरचा भाव मला ११ हजार एक असा मिळाला. चार म्हणजे ४४ हजार. मऊ रबर झिजतंही लवकर. काँक्रीटवर महिन्याला दोन हजार किलोमीटरच्या रेट्यात ते २८ हजार किलोमीटर चाललं असं उदार मनाने धरू. किलोमीटरला १ रुपया ५७ पैसे. ओळखीच्या कंपनीचा, योग्य साईजचा, योग्य अक्षराचा, ताज्या तारखेचा साधा टूरिंग टायर मला पडला ७,०४० ला. चार मिळून २८,१६०. तो ४५ हजार चालेल असं धरलं तर किलोमीटरला ६३ पैसे. आणि माझा तो १७ हजारांचा 'स्वस्त' सेट? आठ हजार किलोमीटरनंतर काढून टाकला. किलोमीटरला २ रुपये १२ पैसे! तिघांत सगळ्यात महाग कोण पडला, बघा.

पण माझा मुद्दा पैशाच्याही पुढे आहे. ४४ हजारांचे टायर घेतलेला माणूस ते लवकर बदलत नाही. जीव तुटतो ना! 'अजून पाच हजार जातील' करत तो ते गुळगुळीत होईपर्यंत ओढतो. कायद्याने कारच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर हवी, पण पावसाळ्यात ३ च्या खाली गेली की पाणी बाहेर फेकण्याची ताकद संपत आलेली असते. झिजलेल्या महागड्या टायरपेक्षा ताजा साधा टायर केव्हाही बरा. म्हणून म्हणतो, हे दोघं सख्खे भाऊ. एक नुसती किंमत कमी बघतो, दुसरा नुसती किंमत जास्त बघतो. टायर दोघंही बघत नाहीत.

तिसरा एक चुलतभाऊही आहे, अलॉयवाला. १६ इंची काढून १७ इंची चाकं, २०५/४५ चे टायर. व्यास जवळपास तोच राहतो, पण रबराची भिंत १०७ मिलिमीटरवरून ९२ वर येते. आपल्याकडच्या खड्ड्यांत ते १५ मिलिमीटर म्हणजे तुमच्या अलॉयचा विमा असतो. त्या चाकांवर साठ हजार घालायचे आणि मग टायरसाठी "काही स्वस्तात बघा ना" म्हणायचं, हे म्हणजे लग्नात घोडा भाड्याने आणि नवरदेवाला चप्पल नाही, असं झालं.

आपल्याकडे एक वाक्य फार सोयीचं आहे: "टायर फुटला." जणू टायर स्वतःच्या मनाने, आकाशातून आदेश आल्यासारखा फुटतो. १ जुलै २०२३ ला समृद्धीवर सिंदखेडराजाजवळ खाजगी बसच्या अपघातात २५ माणसं जळून गेली. त्यातले बरेच आपल्याच भागातून निघालेले. चालकाने टायर फुटल्याचं सांगितलं. परिवहन खात्याच्या प्राथमिक अहवालात मात्र टायर फुटल्याचा पुरावा मिळाला नाही. म्हणजे टायर हा आपला ठरलेला आरोपी आहे. अपघात झाल्यावर सगळे त्याच्याकडे बोट दाखवतात, अपघाताआधी त्याच्याकडे कुणी बघत नाही. त्याच वर्षी घासलेल्या टायरच्या गाड्या समृद्धीच्या प्रवेशावरच अडवायला सुरुवात झाली, तेव्हा किती जणांनी कपाळाला आठ्या घातल्या आठवतंय का? "इतका पैसा घालून रोड बनवला आन् आता टायर पाह्यतेत!" पाह्यलेच पाह्यजे भाऊ!

बरं, आरडाओरडा पुरे. आता स्वस्तात टायर घ्यायचाच असेल (आणि घ्यावाच!) तर माझी पद्धत सांगतो.

१. साईज, भाराचा आकडा आणि वेगाचं अक्षर दारावरच्या स्टिकरप्रमाणे. भाराचा ८७ म्हणजे एका टायरवर ५४५ किलो. यात तडजोड नाही.

२. तारीख बसवण्याआधी बघायची. सहा महिन्यांच्या आतली मागायची. दुकानदार तोंड वाकडं करेल, करू द्या. चारही टायरची बघायची, एकाची नव्हे.

३. ब्रँडच्या पायऱ्यांमध्ये मधली पायरी घ्यायची. एमआरएफ, अपोलो, सीएट, जेके, योकोहामा, ब्रिजस्टोन... सगळ्यांकडे या साईजमध्ये काही ना काही असतं. आयात टायर २०२० पासून निर्बंधित यादीत आहेत. त्यामुळे कुणी 'बाहेरचा माल' फार स्वस्तात देत असेल तर आधी संशय घ्या, मग भाव विचारा.

४. चार जमत नसतील तर दोन घ्या, पण नवे दोन मागे बसवा. हो, मागे! पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जाते, मागची घसरली तर गाडी फिरते. फिरलेली गाडी सावरणं तुमच्या-माझ्या हातचं नाही.

५. वाचलेल्या पैशात अलाइनमेंट करा, दर आठ-दहा हजारांनी चाकं आलटून-पालटून लावा, आणि चांगला हवा मोजायचा गेज घ्या. हवा सकाळी, गाडी गार असताना बघायची. उन्हात धावून तापलेल्या टायरची हवा काढून 'बरोबर' करणं हा आमच्याकडचा लाडका मूर्खपणा आहे. कमी हवेचा टायर जास्त दबतो, जास्त तापतो, आणि मग तो 'फुटतो'. नायट्रोजनचा आग्रह धरणाऱ्यांना सांगा की साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन फुकट येतो :)

आणि हो, २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. माझा ७,०४० चा टायर आज ६,४९० ला पडला असता. चार मिळून २,२०० रुपये मी 'गमावले'. मित्र हसले. मी ऑगस्टमध्येच बदलले होते ना! पण त्या २,२०० साठी अख्खा ऑगस्ट-सप्टेंबर त्या दगडी टायरवर काढला असता, तर केळझरच्या रस्त्यावर अजून किती ट्रॉल्या भेटल्या असत्या, हा हिशोब मी मांडलेला नाही. मांडायचाही नाही.

सेवाग्राम आमच्या घरापासून पंधरा मिनिटांवर आहे. काटकसर काय असते हे वर्धेच्या माणसाला बाहेरून येऊन कुणी शिकवू नये. पण काटकसर म्हणजे गरजेचं तेवढं, नीट पारखून घेणं. न पारखता स्वस्त उचलणं ही काटकसर नव्हे, तो जुगार आहे. आणि या जुगारात डाव माझा एकट्याचा नव्हता. त्या दोन मावशींना कुणी विचारलं नव्हतं.

असो. एक काम करा. हे वाचून झालं की खाली पार्किंगमध्ये जा आणि ते चार आकडे वाचून या. पाच मिनिटांचं काम आहे. तोवर मी चहा टाकतो.