खजुराला नाव आहे, ज्वारीला का नाही?

रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. 2018 मध्ये तो ऐन मे महिन्यात होता, यंदा फेब्रुवारीच्या उत्तरार्धात आला. परभणीच्या दुकानदाराला हे सरकणे पंचांगाइतकेच पाठ असते. मे महिन्याच्या रोजांत बर्फ, सरबत आणि थंड बाटल्यांवर गल्ला चाले. आता संध्याकाळ सुसह्य आहे, त्यामुळे दस्तरखानावर खजूर, सुकामेवा आणि भजी-समोसे पुढे सरकले आहेत.

यात खजुराचा व्यापार पाहण्यासारखा आहे. एकेकाळी गाड्यावर ढीग लावून ‘खजूर’ एवढ्याच नावाने विकला जाणारा माल आता अजवा, मबरूम, कलमी अशा नावांनी, डब्यात, वेगवेगळ्या भावाने मिळतो. गिऱ्हाईक फक्त रोजेदार नाही. यंदा महाशिवरात्र आणि पहिला रोजा यांत चारच दिवसांचे अंतर होते. दोन्ही घरांनी एकाच दुकानातून खजूर नेला. सप्टेंबर 2025 मध्ये खजुरावरचा जीएसटी 12 वरून 5 टक्के झाला आणि गोड फसफसत्या पेयांवर 40 टक्के लागला. दुकानदाराने कोणता माल दर्शनी ठेवायचा, हे यातूनही ठरते.

‘आरोग्यदायी’ हा शब्द आता खपतो, कारण भीती खरी आहे. आयसीएमआरच्या 2023 च्या अभ्यासाने देशात 10.1 कोटी मधुमेही असल्याचे सांगितले. पण या शब्दावर डोळे झाकून विसंबू नये. 2024 मध्ये केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयाला ऑनलाइन दुकानांना सांगावे लागले, की ‘हेल्थ ड्रिंक’ या सदरातून बोर्नव्हिटासारखी पेये काढा. कायद्यात अशी व्याख्याच नाही. खजुराचेही तेच. वरून साखर घातलेली नसली, तरी त्याच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग साखरच असतो. मधुमेह असलेल्या रोजेदाराने एक-दोनवर थांबावे आणि औषधांच्या वेळा डॉक्टरांना विचारून ठरवाव्यात.

सहरीला पावापेक्षा ज्वारीची भाकरी बरी, हे आपल्या घरांतल्या आजींना सांगावे लागत नाही. तिच्यात तंतू जास्त, त्यामुळे पोट उशिरा रिकामे होते. आणि ज्वारी तर आपलीच. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने हैदराबादच्या इक्रिसॅटसोबत ‘परभणी शक्ती’ हे वाण काढले. नेहमीच्या ज्वारीहून त्यात लोह आणि जस्त जास्त. गावाचे नाव घेऊन फिरणारे हे धान्य परभणीच्याच किती किराणा दुकानांत त्या नावाने मिळते, विचारून पाहा.

कारण साधे आहे. मोंढ्यात ज्वारीचा भाव दाण्याचा रंग, चकाकी आणि टपोरेपणा पाहून ठरतो. लोह आणि जस्त डोळ्यांना दिसत नाही. वेगळे वाण पेरणाऱ्याचे पोतेही त्याच ढिगात पडते. सरकारचा 2025-26 चा मालदांडी ज्वारीचा हमीभाव क्विंटलला 3,749 रुपये, म्हणजे किलोला साडेसदतीस. तीच ज्वारी पीठ, पोहे किंवा बिस्किट होऊन चकचकीत पाकिटात आली, की भाव कितीतरी पट होतो. त्या वाढीतला वाटा शेतकऱ्याकडे फारसा येत नाही; पाकिटावर नाव छापणारा तो घेतो.

मग आपल्याच व्यापाऱ्याने नाव का छापू नये? एक अडचण कराची आहे. सुटे पीठ करमुक्त, पण 25 किलोपर्यंतच्या लेबल लावलेल्या पाकिटावर 5 टक्के जीएसटी. म्हणजे गिऱ्हाइकाला खात्री देणारी चिठ्ठीच महाग पडते. दुसरी अडचण मोठी: वाण वेगळे ठेवायचे, तर शेतापासून गिरणीपर्यंत पोती वेगळी राखावी लागतात, आणि हे काम एकट्या किराणावाल्याच्या आवाक्यातले नाही. शेतकरी उत्पादक कंपन्या आणि महिला बचत गट ते करू शकतात. पापड-शेवयांत गटांचा हात बसलेलाच आहे. रब्बीची ज्वारी निघण्याचे दिवस आणि रमजान पुढची दोन वर्षे तरी जवळपास एकत्र येणार आहेत. सहरीसाठी पीठ घेणारे गिऱ्हाईक तेव्हा दुकानात असेलच.