शाळेचा मानसतज्ज्ञ शाळेतच घडावा

शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी किमान एक पात्र समुपदेशक, मानसतज्ज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा, असा निर्देश सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिला. त्यावर म्हटलं जातं, इतकी माणसं आणायची कुठून? एखाद्या शिक्षकाला चार आठवडे प्रशिक्षण द्या, भागेल.

यातलं निम्मं मला मान्य आहे. मुलाची घालमेल सर्वांत आधी वर्गशिक्षिकेलाच जाणवते; तिला प्रशिक्षण हवंच. पण जाणवणं वेगळं, कारण शोधणं वेगळं. मेळघाटातल्या आश्रमशाळेत चौथीतलं मूल मराठी धडा अडखळत वाचतं. का? अध्ययन अक्षमता, कमी ऐकू येणं, घरची कोरकू भाषा, की घर सुटल्याची भीती? त्याच्यापुढे मराठीतली बिने-कामत चाचणी ठेवली, तर येणारा आकडा त्याच्या बुद्धीचा की मराठीचा? चाचणी घ्यायला लवकर शिकता येतं. ती कधी घेऊ नये हे कळायला मानसमापन आणि बालविकासाचा पक्का पाया लागतो, जाणत्या मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली केलेलं काम लागतं. ‘मतिमंद’ असा शिक्का चुकून बसला, तर तो पुसायला पुढे कुणी येत नाही.

‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहेत की!’ हा दुसरा आक्षेप. ते मुळात थोडे, आणि त्यांची घडण मुख्यतः दवाखान्यात झालेली. शालेय मानसतज्ज्ञाला मागच्या बाकावर बसून वर्ग न्याहाळावा लागतो, शिक्षकाला न दुखावता त्याची पद्धत बदलायला लावावी लागते, दहावीच्या सवलतींसाठी पालकांसोबत कागदपत्रं उभी करावी लागतात. हे शाळेतच शिकता येतं. म्हणून अमेरिकेतल्या शालेय मानसतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेचं मानक किमान १,२०० तासांची आंतरवासिता मागतं, त्यातले निदान ६०० तास शाळेत.

‘तो श्रीमंत देश आहे,’ म्हणून हा विषय मिटत नाही. आंतरवासितेतला विद्यार्थी शिकता शिकता शाळेचं कामही करतो. डॉक्टर घडवताना आपण हे मान्य केलेलंच आहे. विद्यापीठांनी शालेय मानसशास्त्राचा स्वतंत्र पदव्युत्तर अभ्यासक्रम आखावा, त्याचं शेवटचं वर्ष जिल्हा परिषदेच्या शाळांत आणि आश्रमशाळांत ठेवावं. शासनाने त्या वर्षाचं विद्यावेतन द्यावं आणि शाळांमध्ये कायम पदं निर्माण करावीत.