बाटलीचा दोष, बाईच्या माथी

आधीच सांगून टाकते, हे वाचून आमच्या नात्यातली निदान तीन माणसं माझ्यावर रुसणार आहेत. एक न्यू जर्सीत, एक कोथरूडमध्ये आणि तिसरी माझी सख्खी आई. रुसा बापड्यांनो. पण गेले काही महिने डोक्यात घोळतंय ते लिहून मोकळी होते.

विषय फरशी पुसण्याचा आहे. हसू नका.

आमच्या बेडरूममध्ये बिल्डरने 'वुडन फ्लोरिंग' करून दिलंय. वुडन कसलं डोंबलाचं! ते लॅमिनेट आहे. लाकडाचे तंतू राळेत दाबून केलेली फळी, तिच्यावर लाकडाचा छापील फोटो, आणि फोटोवर मेलामाइनचं पारदर्शक कवच. १९७७ साली स्वीडनमधल्या पर्स्टॉर्प नावाच्या कंपनीने हा प्रकार शोधला. वस्तू वाईट नाही. पण आपण तिला लाकूडही म्हणतो आणि पुसताना शहाबादी फरशीसारखी वागवतो. ती दोन्ही नाही.

तर आमची ही गडद रंगाची जमीन वर्षभरात धुरकट झाली. सकाळचं ऊन आलं की फडक्याचे अर्धगोल स्पष्ट दिसायचे, त्यावर प्रत्येकाच्या पावलांचे ठसे. अनवाणी चाललं की तळवा किंचित चिकटायचा. आमच्याकडे केर-फरशीला ज्या मावशी सहा वर्षं येतायत, त्यांना मी बोलले. "मावशी, फडकं नीट पिळत नाही तुम्ही." त्या म्हणाल्या, "ताई, ते तुमच्या वासाच्या पाण्यानं होतंय. पलीकडच्या आजींकडं मी नुसत्या पाण्यानं पुसते, तिथं नाही होत असं."

मी ऐकलं आणि सोडून दिलं. कारण उघड आहे. बाटलीवर छापलेलं खरं आणि बाईने सांगितलेली सबब, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. मी आणखी महागाची, 'शाइन' देणारी बाटली आणली. जमीन अजून बिघडली. आईने फोनवर निकाल दिला, "बाई बदल. जुन्या झाल्या की अंगचोरपणा करतात." आणि खरं सांगते, लाज वाटते लिहायला, पण दिवाळीच्या तोंडावर दुसरी बाई बघायचं आमचं जवळजवळ ठरलं होतं.

वाचवलं ते सांडलेल्या चहाने. मावशींची सुट्टी होती. कपभर चहा सांडला तो मीच पुसला. पाठोपाठ चिकटपणा जावा म्हणून पांढरा नॅपकिन साध्या पाण्यात बुडवून, पिळून जोरात घासला. तर फेस आला. फेस! पाण्यात साबणाचा थेंब नव्हता. तो फेस जमिनीतून वर येत होता. नॅपकिन राखाडी झाला. पलीकडे पलंगाखाली, जिथे चहाचा संबंध नाही, तिथे घासून बघितलं. तेच.

म्हणजे वर्षभर आम्ही जमीन स्वच्छ करत नव्हतो, तिला साबणाचे हात देत होतो. रंगाचे देतात तसे. साबण असो की डिटर्जंट, त्याचं काम मळ धरून पाण्यात सोडायचं. पण ते पाणी निघून जायला हवं ना? ते जिथल्या तिथे वाळलं तर मळही तिथेच आणि साबणही तिथेच. वाळलेला साबण पुन्हा पायाची धूळ धरतो. दुसऱ्या दिवशी जमीन जास्त मळकी दिसते, म्हणून आपण एक झाकण जास्त ओततो.

आता माझं खरं भांडण. आपल्याकडे फरशी धुण्याची रीत पाण्याची होती. बादलीभर पाणी ओतायचं, खराट्याने लोटायचं, मोरीतून बाहेर. त्या रीतीत कितीही साबण खपून जायचा, कारण शेवटी सगळं वाहून जायचं. लॅमिनेटवर आणि लाकडावर पाणी ओतता येत नाही. लॅमिनेटच्या सांध्यात पाणी गेलं की आतली फळी फुगते आणि कडा वर येतात. त्या परत बसत नाहीत. म्हणजे जी जमीन खळखळून धुताच येत नाही, तिथे न धुता चालेल इतकाच साबण हवा. हे बाटली विकणारे ठळक अक्षरांत सांगतील का? बारीक अक्षरांत 'झाकणभर' लिहिलेलं असतं. झाकणाने मोजून ओतणारा माणूस मला दाखवा.

आणि तो वास! कोथरूडच्या आत्याचं मत असं की वास आला नाही तर फरशी पुसलीच नाही. आत्या, तुमचं फिनेल पाण्यात ओतलं की दुधासारखं पांढरं होतं ना? ते तेल आहे, पाण्यात बारीक बारीक थेंबांनी विखुरलेलं. पाणी उडून जातं, तेल मागे राहतं, म्हणून तर वास टिकतो. मोरीत, संडासात खुशाल टाका. बेडरूममध्ये तो वास म्हणजे पुसायचं राहिलेलं फिनेल आहे.

पण सगळं पाप बाटलीचंही नाही. थोडं माझ्या पर्यावरणप्रेमाचं आहे. आमच्या आरओ मशीनचं वाया जाणारं पाणी मी मोठ्या अभिमानाने बादलीत साठवायचे आणि तेच फरशीला द्यायचे. (पाहुण्यांना दाखवायचेसुद्धा.) आता त्या पाण्यात काय असतं? मशीनने पिण्याच्या पाण्यातून काढलेले सगळे क्षार, एकवटून. ते वाळलं की पांढरी भुकटी उरणारच. कोट्यावर दिसत नाही, गडद लॅमिनेटवर दिसते. ते पाणी आता संडासाच्या फ्लशला जातं.

न्यू जर्सीच्या वहिनींची गोष्ट याहून महागाची. त्यांच्याकडे खरंखुरं ओक आहे, वर पॉलियुरेथेनचं पातळ आवरण. त्या वर्षानुवर्षं लाकडासाठीचा म्हणून तेलाचा साबण वापरत आल्या. चमक छान यायची. मग आवरण झिजलं म्हणून वर नवा हात द्यायला माणूस बोलावला, तर तो म्हणाला, नवा हात धरणार नाही. तेलाचा थर बसलाय, मुळापासून तासावं लागेल. वहिनी म्हणतात त्याचंच काहीतरी चुकलं. वहिनी, त्याचं नाही चुकलं. आणि तो वाफेचा मॉपही देऊन टाका कुणाला तरी; अमेरिकेतली लाकडी जमिनीवाल्यांची राष्ट्रीय संघटनासुद्धा ओला मॉप आणि वाफेचा मॉप लाकडावर वापरू नका म्हणते.

मग मी काय केलं? आधी कुंच्याने केर नीट काढला, कारण धुळीवर ओलं फडकं म्हणजे चिखल. दोन बादल्या कोमट पाणी, एक भिजवायला, एक खळबळायला. मायक्रोफायबरचं फडकं, थेंब गळणार नाही इतकं पिळून. एका वेळी हात पोचेल तेवढाच तुकडा, फळीच्या लांबीच्या दिशेने, आणि लगेच बाबांच्या जुन्या पंचाने कोरडं. पाणी राखाडी झालं की बदललं. पहिल्या दिवशी सात वेळा बदललं! चार रविवार लागले. एक हट्टी पांढरा पट्टा होता, तो क्षारांचा, त्याला पाण्यात चमचाभर व्हिनेगर घालून पुसला आणि मग साध्या पाण्याने. (हे लॅमिनेटपुरतंच हं. शहाबादी आणि कोटा चुनखडीचे दगड आहेत, व्हिनेगर त्यांना खातं. खऱ्या लाकडावरही रोजचं नको.) आता रोज नुसतं पाणी, पंधरवड्यातून एकदा अर्ध्या बादलीला अर्धा चहाचा चमचा साधं, न्यूट्रल क्लीनर. मायक्रोफायबरला कपडे मऊ करणारं ते कंडिशनर लावू नका, फडकं शोषायचं थांबतं.

कुणी म्हणेल, जंतू? अहो, बेडरूम आहे, ऑपरेशन थिएटर नाही.

पाचव्या सोमवारी मावशी आल्या, दारातच चपला काढून आत गेल्या, खाली वाकून हात फिरवला. मी म्हटलं, "मावशी, तुमचं बरोबर होतं. मी उगीच बोलले तुम्हाला." त्या काही म्हणाल्या नाहीत. सिंकखालच्या तीन अर्धवट बाटल्या काढून विचारलं, "ह्या टाकू का नेऊ?" मी म्हटलं, टाका. "नको," त्या म्हणाल्या, "आमच्या चाळीच्या संडासाला होतील." आणि पिशवीत घालून घेऊन गेल्या.

पगार शंभर रुपयांनी वाढवलाय. आईला अजून सांगितलेलं नाही.