संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग

एस.टी.च्या गाडीत लाल रंगात लिहिलेली ही अक्षरे मी लहानपणापासून वाचत आलो. पण तो मार्ग उघडायचा कसा, हे मला कोणी दाखवले नाही आणि मीही कधी विचारले नाही. गेल्या महिन्यात नातीला शाळेच्या बसमध्ये बसवताना मागच्या दारावर तीच अक्षरे दिसली. दाराला टेकून दप्तरांचा ढीग होता. चालकाला म्हटले, "हे दार जरा उघडून दाखवता का?" तो हसला. "आजोबा, ते कधी लागतच नाही." आम्ही दोघांनी जोर लावला. गंजलेली कडी हलली नाही.

लागत नाही, हे खरेच. पण लागते तेव्हा? १४ मे १९८८ च्या रात्री अमेरिकेतील केंटकी राज्यात, कॅरल्टनजवळ, दारू प्यायलेल्या एका माणसाची गाडी उलट दिशेने येऊन एका बसवर आदळली. बस पूर्वी शाळेची होती. त्या दिवशी चर्चची सहल घेऊन परतत होती. इंधनाची टाकी फुटून पुढच्या दाराशी आग लागली. उरले फक्त मागचे दार आणि तिथवरची अरुंद वाट. २७ जण गेले, बहुतेक मुलेच. टकरीच्या माराने नव्हे, आगीने आणि धुराने. त्यांत बसचा चालकही होता.

त्यानंतर केंटकीने शाळेच्या बसला नऊ मार्ग सक्तीचे केले : पुढचे, मागचे आणि डाव्या अंगाचे दार, चार खिडक्या आणि छतात दोन झडपा. छतात कशासाठी? गाडी कलंडली की दार खाली दबते म्हणून. १ जुलै २०२३ रोजी समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ खासगी बस डाव्या अंगावर कलंडून पेटली, तेव्हा नेमके हेच झाले. २५ प्रवासी मेले. वाचलेल्यांपैकी काही काच फोडून निघाले होते.

शाळेच्या बसमध्ये तीही सोय नसते. मुलांनी डोके बाहेर काढू नये म्हणून खिडक्यांना आडवे गज लावण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये दिला. आदेश योग्यच आहे. पण ज्या गजांतून डोके बाहेर जात नाही, त्यांतून मूलही बाहेर पडत नाही. म्हणजे मागच्या दाराचे मोल दुप्पट झाले.

महाराष्ट्राने २०११ मध्ये शालेय बससाठी स्वतंत्र नियम केले. मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समितीही सांगितली. या समितीने एवढेच करावे : दर सत्रात एकदा बस मैदानात उभी करावी आणि दार मुलांकडूनच उघडून घ्यावे. चालक बेशुद्ध पडला, तर ते उघडणार आहे तिसरीतली एखादी मुलगी. तिच्या हाताला कडी पुरते का, तिच्या जोराने ती फिरते का, हे आधी कळायला हवे. याला पैसा लागत नाही, अर्धा तास लागतो.

आपल्या नियमांत दारे मोजली जातात. ती उघडतात की नाही, हे मात्र तुम्हाआम्हालाच पाहावे लागेल. उद्या सोमवार आहे. मुलाला बसमध्ये चढवताना चालकाला एवढेच म्हणा, "मागचे दार उघडून दाखवता का?"